अक्षरामागे अकरा डॉलर

अक्षरामागे अकरा डॉलर.
सोनेरी मुलामा हवा तर चौदा.
टिंब, स्वल्पविराम आणि क्रूस
यांचे मी पैसे घेत नाही.

लिएन खुर्चीत बसली नाही, नुसती टेकली.
मांडीवर पाकीट.
पाकिटात नवऱ्याचे चार कागद,
चारांवर चार नावं.

जहाजाच्या तिकिटावर पारास्केवास.
टायर कारखान्याच्या बिल्ल्यावर पेरी,
कारण भोंगा व्हायच्या आत फोरमनला
एवढी लांब हाक मारून संपवता येईना.
पेन्शनच्या पत्रावर पॉल.
ते कुणी केलं, कधी केलं, कुणालाच ठाऊक नाही.
चौथा कागद वहीतून फाडलेला,
त्यावर तिच्या हातचं एकच अक्षर : बा.
पोरं झाल्यावर ती त्याला तसंच बोलवायची.
तिच्याकडे बापाला बा म्हणतात.
चौतीस वर्षं हा ग्रीक गडी
त्या हाकेला ओ देत होता.

तो जहाजानं आलेला, ती होडीनं.
फूट्सक्रेच्या त्या पट्ट्यावर
गरम रबराच्या वासात भेटले.
दोघांत मिळून एकच मोडकी इंग्रजी.
"तीत नीट भांडता येत नाही," ती म्हणाली,
"म्हणून संसार टिकला."
म्हणाली, पण हसली नाही.

दीर थेओफानिसचा निरोप : ग्रीकमध्येच, पूर्ण नाव.
थोरला म्हणतो, इंग्रजीत,
नातवंडांना वाचता आलं पाहिजे.
ब्रिस्बेनची लेक फोनवर फक्त रडते.
मी हिशेब सांगितला.
ग्रीक दहा अक्षरं, एकशे दहा.
पेरी, पंचावन्न.
बा, तुमच्या लिपीत दोन अक्षरं, बावीस.
माणूस तोच,
आणि मी त्याचे तीन भाव करून दाखवत होतो.

दगड ओंगोलचा, काळा.
कंटेनरमधून आला, बंदरावर धुतला, फवारला,
दोन दिवसांत सुटला.
त्याचं नाव काय, कुणी विचारलं नाही.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना,
ती मी इंचाच्या मापानं विकतो.

तिला सांगितलं नाही, इथे सांगतो.
माझा बाप कर्मनू.
गोझोहून आला, धक्क्यावर उतरता उतरता चार्ली झाला.
छिन्नी त्याच्याकडून शिकलो.
आमच्या आडनावातल्या झेडवर एक टिंब असतं.
शाळेत पहिल्याच दिवशी ते गळून पडलं,
मास्तरांना वाटलं, शाईचा डाग.
बापाला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याचा दगड मागच्या शेडमध्ये
ताडपत्रीखाली उभा आहे, कोरा.
लोकांची नावं आधी, म्हणतो मी.
गिऱ्हाईक थांबत नाही.

लिएननं बराच वेळ कागद खालीवर केले.
मग म्हणाली, पुढे ग्रीक.
दीर पैसे देणार आहे, त्याचं समाधान होऊ दे.
मागे बा.
खाली, गवताजवळ.
तण काढायला वाकेल त्यालाच दिसेल असं.
"आणि वाकणारी मीच."

कबरस्तानाच्या कचेरीत तिला धर्म विचारला होता.
त्याची जागा ऑर्थोडॉक्स रांगेत.
तिची रस्त्याच्या पलीकडे निघते, असं म्हणाले.
ती अर्ज न भरता उठून आली.
"बाच्या खाली जागा सोडा," तिनं मला सांगितलं.
"माझ्यापुरती. कचेरीला काय सांगायचं ते मी बघते."

दारापर्यंत गेली, वळली.
"माझ्या नावातल्या ई वर एक टोपी असते.
लायसनवर कधी आली नाही,
पगाराच्या पाकिटावर नाही,
पोरांच्या शाळेतल्या फॉर्मवर नाही.
टोपीचे किती घेता?"

टोपी फुकट, मी म्हणालो.

"मग ती आजच कोरा."
"नाव नसताना?"
"नावाला वेळ आहे," ती म्हणाली.
"जागा धरून ठेवा."

संध्याकाळी दुकान बंद करून
दगड पालथा घातला, पेन्सिलीनं आखलं.
वर बा.
खाली दोन बोटं मोकळी सोडून
एक लहानसं छप्पर, दोन तिरपे घाव.
फुंकर मारली.
खाली अजून कुणी राहत नव्हतं.